एका घरातला एकच

मंदी आली हे मावशीला पेपरात छापून यायच्या आधी कळलं होतं. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, ताटांवरून कळलं. पंप बनवणाऱ्या त्या कारखान्यात सकाळी आत येणारा प्रत्येक माणूस फाटकावरच्या पेटीत आपला पत्र्याचा बिल्ला टाकायचा. पहारेकरी ते बिल्ले मोजायचा आणि अंगणापलीकडच्या स्वयंपाकघराकडे तोंड करून आकडा ओरडायचा. आकडा कानावर पडला की मावशी बाह्या सरसावून बटाटे सोलायला बसायची. मग एके दिवशी आकडा थोडा कमी आला, पुढच्या आठवड्यात आणखी कमी, आणि असं होता होता पहारेकऱ्याला ओरडायचीही लाज वाटायला लागली. बापडा अंगण ओलांडून चालत यायचा आणि दारात उभा राहून हळूच सांगायचा, घरात कुणी आजारी असल्यासारखा.

स्वयंपाकघरातल्या दोन बायका गेल्या. उरली मावशी, आणि भांडी घासणारा बंब. त्याचं खरं नाव त्याच्या आईला तरी आठवत असेल की नाही कोण जाणे. दिवसभर गरम पाण्याच्या बंबाशेजारी उभा, म्हणून बंब. रिकामी ताटं दोघांनी कोपऱ्यातल्या फळीवर पालथी घालून ठेवली आणि वर एक जुनी चादर टाकली.

पण एक सांगायला हवं. त्या दिवसांत कुणाची नोकरी गेली तर लोक हळहळायचे. शेजारीण वाटीभर साखर मागायच्या निमित्ताने येऊन बसायची, पाठीवरून हात फिरवायची. "काळच वाईट आलाय गं, तुझ्या नवऱ्याचा काय दोष," म्हणायची. गेलेल्याला निदान एवढं तरी होतं, की आपल्यासारखे ढीगभर आहेत.

मावशीच्या घरी तीन माणसं. नवरा पूर्वी ट्रक चालवायचा. गुडघ्यांनी दगा दिला तसा तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसला तो बसलाच. मांडीवर रेडिओ. आणि मुलगा, फिटरचं काम शिकून ऐन मंदीत बाहेर पडलेला. फिटरची विद्या हातात, आणि हात मोकळे. कारखान्यांचे उंबरठे झिजवून झिजवून तो थकला, मग उशिरा उठायला लागला, मग साध्या बोलण्यावर खेकसायला लागला. वाढलेलं ताट तो भिंतीकडे तोंड करून खायचा. दोन वर्षं मावशीच्या एकटीच्या पगारावर तिघं जगले, आणि पोराला ते घासागणिक टोचत होतं हे तिला दिसत होतं. दिसून करते काय?

मग दिवस पालटले. आधी रेडिओ बोलायला लागला. नवरा तर बातम्या अशा ऐकायचा की जणू मॅचच चालू आहे. "ऐकलंस का? बेकारी उतरली! मागच्या महिन्यापेक्षा उतरली!" खुर्चीतून उठता येत नव्हतं म्हणून नुसती मांडीवर थाप मारायचा. मावशी म्हणायची, "उतरली असेल कुणाकडे तरी. आपल्या घरी अजून ऐसपैस बसलीय." भिंतीकडे तोंड केलेला पोरगा मात्र हसायचा नाही.

पण खरंच उतरत होती हो. एका सकाळी पहारेकऱ्याने पुन्हा फाटकावरून आकडा ओरडला, आणि असा ओरडला की बंबाच्या हातातून पातेलं सुटलं. पुढच्या आठवड्यात दोघांनी फळीवरची चादर ओढून काढली, धुळीने माखलेली ताटं गरम पाण्यात बुडवली आणि दोघं वेड्यासारखी घासत सुटली. मावशी रडत होती की वाफेने तिचे डोळे चुरचुरत होते हे बंबाने विचारलं नाही. त्या दिवशी रश्श्यात बटाटे जरा जास्तच पडले.

फाटकावर भरतीची पाटी लागली. कामगार अधिकारी, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत, स्वतः जेवणघरात येऊन सांगून गेले, "नवी माणसं घेतोय. पण एका घरातला एकच. इतकी वर्षं लोकांनी काढलीत, आता प्रत्येकाच्या घरी काही ना काही पोचलं पाहिजे." मावशी त्या वेळी हातात पळी घेऊन उभी होती. "देवमाणूस," ती बंबाला म्हणाली. "असा नियम करायला मोठं मन लागतं." आणि मग संध्याकाळी घराच्या पायऱ्या चढता चढता तिच्या डोक्यात उजेड पडला. आपल्या घरातला तो एक म्हणजे आपणच की!

तिने सोडून द्यावं आणि पोराने लागावं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण त्याची नोकरी पहिले सहा महिने कच्ची. कधी जा म्हणतील नेम नाही. तिची पक्की. हातातलं सोडून कच्च्याच्या मागे लागायचं? आणि खरं सांगायचं तर तिला दोन्ही हवं होतं. दोन वर्षं नाक मुठीत धरून काढल्यावर जरा मोकळा श्वास घ्यावासा वाटला, तर काय पाप केलं?

"कारखान्यात कुणाला ठाऊकाय तू माझा म्हणून?" ती पोराला म्हणाली. खरंच कुणाला ठाऊक नव्हतं, बंब सोडून. मावशीला घर असतं, आडनाव असतं हेच तिथे कुणाच्या ध्यानात नव्हतं. ती मावशी, बस्स. पोराने पत्ता काकाचा दिला. साहेबांनी समोर बसवून विचारलं, "घरातलं कुणी इथे आहे?" पोरगा म्हणाला, "नाही." साहेब म्हणाले, "बघ हं. खोटं निघालं तर त्याच दिवशी फाटकाबाहेर. मागच्याच आठवड्यात एकाला काढलाय, सख्ख्या भावाला चुलत म्हणून सांगत होता." पोराच्या तोंडचं पाणी पळालं, पण तो पुन्हा म्हणाला, "नाही, साहेब."

आता घरात नवे कायदे झाले. सकाळी दोघांनी वेगवेगळं निघायचं. वाटेत भेट झाली तरी ओळख द्यायची नाही. कारखान्यात तिला सगळ्यांसारखं मावशीच म्हणायचं. पहिल्या दिवशी तो रांगेत ताट घेऊन समोर आला. अंगावर निळा डगला, कानामागे पेन्सिल, आणि चेहऱ्यावर असं काहीतरी, जे तिने दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. कुणाला संशय नको म्हणून तिने त्याला इतरांपेक्षा थोडं कमीच वाढलं आणि नेहमीच्या आवाजात ओरडली, "चला, पुढचा!"

संध्याकाळी तो घरी म्हणाला, "आई, आज माझ्या ताटात बटाटा एकच आला."

"मावशीला सांग," ती म्हणाली. "मला काय सांगतोस?"

तिघंही इतके हसले की नवऱ्याच्या मांडीवरून रेडिओ पडता पडता वाचला. पोरगा त्या दिवशी भिंतीकडे पाठ करून जेवला.

त्याच संध्याकाळी तिने त्याला समोर बसवून शिकवलं. हे नीट ऐका, कारण पुढचं सगळं यातूनच आलं. मंदीच्या सुरुवातीला साहेबांनी सगळ्यांना अंगणात जमवून विचारलं होतं, आठवड्यातले कामाचे दिवस कमी करायचे, कोण तयार आहे, हात वर करा. सगळ्यांनी केले. एक जुना वेल्डर तेवढा खिशात हात घालून उभा राहिला आणि म्हणाला, पण साहेब... त्याचं 'पण' पुरं झालंच नाही. सगळ्यात आधी तो गेला. मावशीने स्वयंपाकघराच्या दारातून ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

"तेव्हा साहेबांनी हात वर म्हटलं की वर," ती पोराला म्हणाली. "इकडेतिकडे बघायचं नाही, शहाणपणा शिकवायचा नाही, पण नाही नि बिण नाही. पहिला हात तुझा. सहा महिने एवढं कर, मग नोकरी पक्की झाली की हवं तर डोक्यावर उभा राहा."

"बरं, मावशी," तो म्हणाला, आणि तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

पंपांना मागणी वाढली तशी माणसं वाढली, आणि माणसं वाढली तशी मावशीची दाणादाण उडाली. रांग जेवणघराच्या दाराबाहेर अंगणात जायला लागली. शेवटचा माणूस ताट घेऊन टेकतोय तोवर भोंगा व्हायचा आणि तो पाव खिशात कोंबून पळत सुटायचा. मावशी नि बंब, दोनच जिवांनी किती धावायचं? नाकी नऊ आले. पण तक्रार करताना तिचा आवाज लेकाच्या खोड्या सांगणाऱ्या आईसारखाच होता. साहेबांना ती म्हणाली, "एक बाई द्या हाताखाली, आणि एक मोठी शेगडी द्या. मग बघा, अख्खं गाव जेवू घालते." साहेब हसले. "तुमचंच चाललंय मावशी. बघतोय मी."

आणि खरंच चार दिवसांनी दोन माणसं फीत घेऊन आली. स्वयंपाकघर मोजायला लागली. एकाने भिंतीशी फीत लावली, दुसरा कागदावर लिहीत होता, म्हणून फितीचं दुसरं टोक मावशीनेच धरलं. "शेगडी कुठे येणार?" तिने विचारलं. "या खिडकीखाली आली तर धूर थेट बाहेर जाईल." फीतवाला म्हणाला, "सगळं बसेल, बाई." तिने दोघांना चहा करून दिला, घट्ट, वर आल्याचा तुकडा. घरी आल्यावर नवऱ्याला म्हणाली, "कामं कशी होतात बघा. तोंड उघडून मागायला हवं, बस्स."

काय सांगावं! स्वतःच्या हाताने टोक धरलं तिने.

त्यानंतरच्या आठवड्यात, जेवणाआधी, साहेबांनी माणसांना यंत्रांच्या मोठ्या शेडमध्ये जमवलं. मावशी वाटाणे निवडत होती. तिला दुरून साहेबांचा आवाज ऐकू येत होता, शब्द नाही. मग थोडी शांतता, आणि मग टाळ्या. "पगार वाढवला वाटतं," ती बंबाला म्हणाली. "चांगलं झालं. पोरं राबतात." पण जेवणाच्या रांगेत पोरं काही खुशीत दिसेनात. जुनी माणसं तिच्या डोळ्याला डोळा देत नव्हती. आणि तिचा स्वतःचा पोरगा त्या दिवशी रांगेत आलाच नाही.

सुटीचा भोंगा झाल्यावर साहेबांनी तिला खोलीत बोलावलं. खुर्ची दिली. खुर्ची दिली तेव्हाच तिला खटकलं. इतक्या वर्षांत कुणी दिली नव्हती.

"मावशी, तुम्हीच म्हणत होता ना, आता झेपत नाही म्हणून?"

"झेपत नाही असं कुठे म्हटलं? एक बाई द्या म्हटलं."

"तेच ते. तर असं ठरलंय, की जेवण आता बाहेरून येईल. डब्यांतून, बंद. प्रत्येकाच्या जागेवर. रांग नको, भांडी नकोत. स्वयंपाकघराच्या जागेत जोडणीची नवी टेबलं बसतील, आणखी माणसं घेता येतील." साहेब खरोखरच आनंदाने सांगत होते. "बंबाला आम्ही गोदामात घेतोय. तुमचा या महिन्याचा शेवटचा दिवस धरा."

मावशीला आधी वाटलं, हा माणूस दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय. मग तिला ती फीत आठवली.

"साहेब," ती म्हणाली, "चार-दोन माणसांना ताटं लागत होती तेव्हा मी होते. आता एवढी रांग लागलीय आणि मी नको?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "हे मी ठरवलं असं समजू नका. कामगारांना विचारलं. ज्यांना डबा हवा त्यांनी हात वर करा म्हटलं. एकजात सगळे हात वर! तुमच्याशी खोटं कशाला बोलू, आधी कुणी करेना. जुनी माणसं जमिनीकडे बघत उभी. मग तो नवा फिटर नाही का, तो उंचेला, कानामागे पेन्सिल लावतो? त्याने पहिला हात वर केला. मग त्याच्यामागोमाग सगळ्यांनी. चुणचुणीत पोरगा आहे. पुढे जाईल."

मावशीने खुर्चीच्या हाताला घट्ट धरलं. तिच्या तोंडून एकच शब्द निघाला. "हो," ती म्हणाली.

"आणि तुम्ही काळजी करू नका. आता कामच काम आहे सगळीकडे. तुमच्यासारखीला लोक हातोहात उचलतील."

घरी जाताना ती नेहमीच्या रस्त्याने गेली नाही. दोन गल्ल्या उगाच फिरली. एवढा राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता. पोटचा पोर! ज्या हाताला धरून चालायला शिकवलं, तो हात! जाऊन त्याच्या थोबाडीत द्यावी, शेजारपाजार गोळा झाला तरी चालेल, असं तिला वाटत होतं. आणि तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. इकडेतिकडे बघायचं नाही. पहिला हात तुझा. ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली आणि बराच वेळ उठली नाही.

घरी रेडिओ चालू होता. "ऐकलंस का?" नवरा म्हणाला. "पुन्हा उतरली! म्हणतात गेल्या कित्येक वर्षांत इतकी कमी..."

"मग त्या रेडिओलाच विचारा माझी नोकरी कुठे गेली ते!" ती अशी कडाडली की नवऱ्याने रेडिओ बंद करायच्या गडबडीत आवाज आणखी मोठा केला.

पोरगा आतल्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसला होता. अंगावर तसाच निळा डगला. तिला बघून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिला कळलं, की आपण सांगायची गरज नाही.

"आई, त्यांनी एकदम विचारलं. माझ्याकडेच बघत होते गं. डबा हवा असेल त्यांनी हात वर करा, एवढंच म्हणाले. तुला काढणार म्हणून नाही सांगितलं. हात वर गेला आणि मग मला कळलं. खाली घ्यायला गेलो तर साहेब शाबास म्हणाले. मी उद्या जाऊन सांगतो. ती माझी आई आहे, मी हात मागे घेतो म्हणून सांगतो."

"आणि मग?"

तो पुन्हा पलंगाच्या कडेवर टेकला.

"मग मला ठेवतील? टेबलांची मापं घेऊन झालीत. मी धरली होती फीत. तू मात्र जाशील, खोटं बोललास म्हणून. मग दोघंही तुझ्या बापाच्या मांडीला मांडी लावून रेडिओ ऐकत बसू." ती त्याच्याजवळ बसली. त्याचा तो हात आपल्या हातात घ्यावा असं तिच्या मनात आलं, पण तिने घेतला नाही. जमलंच नाही. "कच्चे महिने सरत आलेत. तोंडातून अक्षर काढायचं नाही. माझी शपथ आहे तुला. घरात एक तरी नोकरी राहू दे."

उरलेल्या दिवसांत तिने काम शोधलं. रोजगार कचेरीच्या भिंती जाहिरातींनी झाकलेल्या होत्या. मंदीत ती तिथे पोराबरोबर आली होती तेव्हा त्याच भिंतीवर नुसत्या टाचण्या होत्या. काचेमागची मुलगी गोड होती. तिने मावशीचं वय विचारलं, शिक्षण विचारलं, संगणक येतो का विचारलं. "पण इतकं काम निघालंय, काकू," ती खरंच कोड्यात पडून म्हणाली, "तुम्हाला कसं काय मिळत नाही?" एका हॉटेलवाल्याने उभ्या उभ्या सांगितलं की त्याला चपळ माणूस हवंय. डबेवाल्या कंपनीकडेही ती गेली, मानापमान गुंडाळून ठेवून. तिथे म्हणाले, गरज पडली तर फोन करू. सध्या पोरी पुष्कळ आहेत.

आणि आता शेजारीण साखर मागायला येत नव्हती. एकदा जिन्यात भेटली तर म्हणाली, "अगं, माझ्या भाचीला लागली, दिराला लागली. तुझीच कशी गेली? काही झालं का तिथे?" तिने काही वाईट मनाने विचारलं नव्हतं. पण मावशी त्या दिवसापासून दिवेलागणीनंतरच पाणी भरायला खाली जायला लागली. मंदीत गेली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं. तेव्हा निदान मान खाली घालावी लागली नसती.

शेवटचा दिवस आला. साहेबांच्या मनात आलं, निरोप झोकात द्यायचा. जेवणघरात सगळ्यांना जमवलं, भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ आणलं, चकचकीत कागदात. मावशी वाढायच्या बाकामागे आपल्या जागेवर उभी होती, हातात पळी, समोर रश्श्याचं पातेलं. भाषण झालं की शेवटचं जेवण वाढायचं होतं. साहेब बोलले. मावशींनी वाईट काळात साथ दिली म्हणाले. आता चांगले दिवस आलेत, कारखान्यात पूर्वी कधी नव्हती इतकी माणसं आहेत म्हणाले. टाळ्या पडल्या. मग ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "भेट नव्या पिढीच्या हातून देऊ या. कोण? तू ये. तू रे, फिटर. पहिला हात वर करणारा!"

लोक हसले. पोरगा रांगेतून पुढे आला. एका हातात ताट होतं, ते त्याने बाकावर ठेवलं आणि साहेबांकडून घड्याळ घेतलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मावशीने डोळ्यांनीच त्याला दटावलं, शपथेची आठवण दिली. दे आणि मागे सर. दोन शब्द बोल आणि मागे सर.

"दोन शब्द बोल," साहेबही म्हणाले.

पोराने तोंड उघडलं. "मावशी," तो म्हणाला, आणि अडखळला. पुन्हा "मावशी" म्हणाला. मग त्याने साहेबांकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "साहेब, ही माझी आई आहे."

बंबाने हातातलं भांडं पाण्यात तसंच सोडलं. साहेबांचं हसू ओठांवरच राहिलं, आणि चष्म्यामागे त्यांचे डोळे बारीक झाले. मावशीला ते स्वच्छ दिसलं. हा माणूस काहीतरी आठवायला लागलाय. खोलीतली ती खुर्ची, समोर बसवलेला पोरगा, विचारलेला प्रश्न. आणखी एक क्षण, आणि त्याला आठवेल.

मावशी हसली. कशी हसली ते तिचं तिला माहीत.

"अगं बाई! ऐकलंत का साहेब? लाघवी आहे हो पोरगं." तिने पळी पातेल्यावर ठणकन आपटली. "मला पोरबाळ नाही ना, म्हणून ही पोरं म्हणतात असं. जीव लावतात. याला तर आई दुसरीकडे राहते, तिची आठवण येत असेल." आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून तिने पुन्हा सांगितलं, "मला कुठला मुलगा!"

साहेबांचा चेहरा मोकळा झाला. "वा! हे बघा, हेच आपलं कुटुंब," ते म्हणाले, आणि त्यांनीच पहिली टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवल्या. नव्या पोरांपैकी कुणीतरी शिट्टी मारली. साहेबांनी पोराच्या पाठीवर थाप दिली आणि कानाशी म्हणाले, पण मावशीला ऐकू गेलं, "पुढच्या महिन्यात पक्का करतो तुला."

घड्याळ बाकावर राहिलं. पोरगा हलेना. तो तिच्याकडे बघत होता, लहानपणी बाजारात हात सुटल्यावर बघायचा तसा. त्याच्यामागे रांग लागली होती, थेट दारापर्यंत, निळे डगले, हातात ताटं. मावशीने त्याचं ताट ओढून घेतलं, भात घातला, पाव ठेवला, सगळ्यांना घालत होती तेवढाच रस्सा घातला आणि ताट त्याच्या हातात दिलं.

"चला," ती म्हणाली, "पुढचा."